सहा दिवसांचा माजी विद्यार्थी

लोकांच्या पदव्या खऱ्या की खोट्या हे तपासण्यात माझी एकवीस वर्षं गेली. ऑकलंडमध्ये हे सांगितलं की समोरचा माणूस एकतर दोन पावलं मागे सरकतो, नाहीतर लगेच स्वतःच्या इंजिनिअरिंगच्या मार्कांबद्दल बोलू लागतो. निवृत्त झाल्यावर मला वाटलं होतं, आता तरी लोक मोकळेपणाने जेवायला बोलावतील. तसं काही झालेलं नाही.

काम तसं सोपं. न्यूझीलंडमधली एखादी कंपनी, शाळा किंवा दवाखाना माणूस घ्यायचा म्हटलं की त्याचे कागद आमच्याकडे पाठवणार. आम्ही ज्या विद्यापीठाचं नाव कागदावर असेल, त्यांच्या रजिस्ट्रारला लिहायचं: हा माणूस तुमच्याकडे होता का, काय शिकला, पास झाला का? उत्तर आलं की रिपोर्टवर खूण. हिरवी म्हणजे कागद खरा. लाल म्हणजे नोंद सापडली नाही. माणूस चांगला आहे का, हुशार आहे का, हे कुणी विचारत नाही आणि आम्ही सांगत नाही. आम्ही कागद तपासतो. हे वाक्य आमची बॉस रेविन दर सोमवारी म्हणायची. ऑफिसात आम्ही चौघंच होतो, त्यामुळे ऐकणं टाळता यायचं नाही.

या एकवीस वर्षांत हजारो फायली पाहिल्या, पण सगळ्यात जास्त करमणूक अमेरिकेतल्या एका फार जुन्या विद्यापीठाने केली. नाव लिहीत नाही. तुमच्या मनात जे पहिलं आलं, तेच समजा. आपल्या लोकांत त्या विद्यापीठाचं नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो, देवळात शिरल्यासारखा. इतर ठिकाणचा पदवीधर नुसता 'शिकलेला' असतो. तिथला 'मान्यवर माजी विद्यार्थी' असतो.

आमच्या इथल्या मराठी मंडळालाही असा एक मान्यवर लाभला होता. श्रीरंग उपासनी. (नावं सगळी बदलली आहेत, स्वभाव बदलणं माझ्या हातात नव्हतं.) मूळचे मुंबईचे, ऑकलंडला येऊन दहाएक वर्षं झालेली, बोलणं मधाळ, केस नीट मागे वळवलेले. त्या विद्यापीठाचं बोधचिन्ह असलेलं जॅकेट त्यांच्या अंगात असायचं. इथल्या भर उन्हाळ्यात, जानेवारीत, सगळे जंदल, म्हणजे रबरी चपला, घालून बार्बेक्यू करत असतानासुद्धा. कॉफीचा मगही तिथलाच. गणपतीत अध्यक्षीय भाषण त्यांचंच, आणि त्याची सुरुवात ठरलेली: "आमच्या वेळी कॅम्पसवर..."

'आमच्या वेळी' म्हणजे नक्की केव्हा, हे कुणी विचारलं नव्हतं. मला ते कळलं, कारण त्यांची फाइल माझ्या टेबलावर आली.

दक्षिण ऑकलंडमधल्या मनुरेवातल्या एका आरोग्य ट्रस्टला मुख्य अधिकारी हवा होता. ट्रस्टचे तीन दवाखाने. शेवटच्या यादीत उपासनींचं नाव. फाइल बघताच मी रेविनकडे गेले.

"मी या माणसाला ओळखते. दुसऱ्या कुणाला दे."

"शुभदा, ऑकलंडमधल्या प्रत्येक भारतीयाला तू ओळखतेस," रेविन म्हणाली. "तू ओळखत नसलेला मिळेपर्यंत थांबले तर ऑफिस बंद करावं लागेल. तू फक्त कागद तपास."

मी लिहिलं. अमेरिकेहून चार दिवसांत उत्तर आलं, नम्र आणि थोडक्यात. श्री. उपासनी यांनी आमच्या एका निवासी कार्यक्रमात भाग घेतला होता. प्रमाणपत्र अस्सल आहे. कार्यक्रमाचा कालावधी, रविवार संध्याकाळ ते शुक्रवार दुपार.

सहा दिवस. तेही रविवार आणि शुक्रवार पूर्ण धरले तर. आमच्या बाथरूमची गळती काढायला आलेला प्लंबर यापेक्षा जास्त दिवस येत होता, आणि त्याने आमच्या घराचं जॅकेट शिवून घेतलं नाही.

मी उपासनींचा बायोडेटा पुन्हा वाचला. त्यात कुठेही 'पदवी' हा शब्द नव्हता. 'शिक्षण' असं शीर्षक, खाली विद्यापीठाचं नाव, ठळक अक्षरांत, आणि पुढे पूर्णविराम. बाकीचं वाचणाऱ्याने आपल्या मनाने भरायचं. खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. माणूस हुशार होता, हे मी तेव्हाही कबूल केलं.

"आता काय खूण करू?" मी रेविनला विचारलं.

"कागद खरा आहे?"

"हो."

"मग हिरवी."

मी हिरवी खूण केली, आणि मनाच्या समाधानासाठी शेवटच्या पानावर शेरा लिहिला: 'हा पदवी अभ्यासक्रम नाही. कालावधी सहा दिवस.' रिपोर्टचं शेवटचं पान कुणी वाचत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही लिहिलं. सरकारी असो की खासगी, आपल्यासारख्या माणसांची शूरता अशीच शेवटच्या पानावर असते.

उपासनींना नोकरी मिळाली. मंडळाने सत्कार केला. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडून सगळं नीट गेलं ना? थँक्यू हं." मी श्रीखंडाची वाटी हातात घेऊन हसले. अजून ते हसणं आठवलं की मला स्वतःचाच राग येतो.

त्याच महिन्यात दुसरी फाइल आली. विद्यापीठ तेच. अर्जदाराचा पत्ता पुकेकोहेचा, ऑकलंडजवळच्या शेतीच्या गावाचा. व्यवसाय: कांदे.

नारनभाई. वय अडुसष्ट. आईवडील नवसारीकडचे, पण त्यांचा स्वतःचा जन्म पुकेकोहेचाच. तिथल्या हायस्कूलला गणिताचा शिक्षक मिळत नव्हता. वरच्या वर्गांना व्यायामाचे सर गणित शिकवत होते, म्हणजे वर्गासमोर उभे राहून पुस्तक उघडा म्हणत होते. शाळेने गावात विचारलं, कुणी आहे का? आणि या कांदेवाल्याने मुख्याध्यापिकेला सांगितलं की पंचेचाळीस वर्षांपूर्वी आपण त्या विद्यापीठातून गणितात मास्टर्स केलंय.

शाळेला आनंद झाला आणि शंकाही आली. जॅकेट नव्हतं ना! जॅकेट असतं तर शंका आली नसती.

मी पत्र पाठवलं. अमेरिकेहून उत्तर आलं, या नावाच्या विद्यार्थ्याची नोंद नाही. नियमाप्रमाणे मी पुन्हा एकदा विचारलं. पुन्हा तेच. मी लाल खूण केली आणि पुढची फाइल उघडली.

आठवड्याने नारनभाई स्वतः ऑफिसात आले. दाराशी मातीने माखलेले गमबूट काढले आणि मोजे घातलेल्या पायांनी आत आले, एका मोज्यातून अंगठा बाहेर. हातात कांद्याची जाळीची पिशवी.

"किओरा," ते म्हणाले, इथला माओरी नमस्कार. बोलणं अस्सल किवी इंग्रजीत. "शाळेने तुमचं पत्र दाखवलं. म्हणजे मी तिथे गेलोच नव्हतो, असं का?"

"तसं नाही. त्यांच्याकडे नोंद सापडली नाही, एवढंच."

"दोन हिवाळे काढले मी तिथे." ते माझ्यावर चिडले नव्हते, हे जास्त अवघड होतं. ते मला मदत करत होते. "पहिल्या आठवड्यात बर्फात जंदल घालून कपडे धुवायला गेलो. अख्खं हॉस्टेल खिडकीत येऊन हसत होतं. आमचे एक म्हातारे सर होते, ते मला फळ्यापाशी बोलवायचे. 'मिस्टर डाह्या, कम अँड सेव्ह अस.' रोज. इतरांना येत नसलं की मला."

"तुमचं मूळ प्रमाणपत्र?"

"पॅकिंग शेडच्या ऑफिसात होतं. शेड जळली तेव्हा गेलं. ट्रॅक्टर वाचवला आम्ही."

"आणि शिकून परत का आलात?"

"बाबांना झटका आला. कांदे काढायला आले होते. म्हटलं एक सीझन करून जावं." ते हसले. "मग पुढचा सीझन आला."

मी ऐकत होते, आणि दुसरीकडे माझं लक्ष घड्याळाकडे होतं. टेबलावर अकरा फायली होत्या. आमच्या धंद्यात प्रत्येक खोट्या माणसाकडे एक सुंदर गोष्ट असते. कुणाचं प्रमाणपत्र पुरात गेलेलं असतं, कुणाचं युद्धात. आग माझ्याकडे तोवर नऊ वेळा लागून झाली होती. हा दहावा.

"सॉरी," मी म्हटलं. "रजिस्ट्रारचं उत्तर आमच्यासाठी शेवटचं असतं."

"नो वरीज," नारनभाई म्हणाले. "तुम्ही तुमचं काम केलंत." त्यांनी दाराशी वाकून गमबूट घातले, जरा वेळ लागला, आणि गेले. कांद्याची पिशवी तिथेच राहिली. अर्जदाराकडून भेट घ्यायची नाही हा आमचा कडक नियम. रेविनने विचार करून निकाल दिला की काम झालेलं नाही, तेव्हा ही लाच होऊ शकत नाही. मग आम्ही चौघांनी ते वाटून घेतले. कांदे उत्तम होते.

पुढचं वर्ष-दीड वर्ष उपासनींचं. ट्रस्टमधली एक नर्स आमच्या मंडळातली, सांगलीची, स्पष्ट बोलणारी. तिच्याकडून बातम्या कळायच्या. साहेबांनी आल्या आल्या 'व्हिजन' आणलं. पाठोपाठ 'रोडमॅप' आला. रिसेप्शनवरच्या बायकांना 'पेशंट एक्स्पीरियन्स लीड' म्हणायचं ठरलं. काम तेच, फोन उचलायचं. इथवर कुणाचं काही बिघडलं नाही. मग साहेबांनी ओटाहुहुच्या दवाखान्याची शनिवारची ओपीडी बंद केली. आकडे सांगतात की शनिवारी डॉक्टरांचा वेळ नीट वापरला जात नाही, म्हणाले.

आता ओटाहुहुत राहणारी निम्मी माणसं कारखान्यात आणि गोदामात शिफ्ट करणारी. आठवड्यात मधेच रजा घेतली तर पगार कापला जातो, म्हणून ती शनिवारीच यायची. दवाखाना बंद दिसला की ती परत जायची, आणि दुखणं अंगावर काढायची. एक टोंगन गृहस्थ पायाची जखम घेऊन दोन शनिवार दाराशी येऊन परत गेले. तिसऱ्या वेळी त्यांना ॲम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. पाय वाचला, दोन बोटं गेली. दोन नर्सेसनी राजीनामे दिले.

ट्रस्टच्या बोर्डावर एक सामोअन आजीबाई होत्या. चर्चमधल्या, अंगाने भरभक्कम, मीटिंगला स्वतःच्या हातची पाइनॅपल पाई आणणाऱ्या. दीड वर्षात त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. राजीनाम्यांवर मीटिंग भरली, आमच्या नर्सलाही बोलावलं होतं, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"बाळा," त्या उपासनींना म्हणाल्या, "त्या मोठ्या शाळेत तुला शनिवारबद्दल काय शिकवलं?"

उपासनी हसले. म्हणाले, तिथे नेतृत्व शिकवतात, स्ट्रॅटेजी शिकवतात.

"किती वर्षं होतास तिथे?"

"मॅडम, प्रश्न वर्षांचा नसतो. शिकण्याच्या खोलीचा असतो."

आजीबाईंनी पिशवीतून चष्मा काढला, मग आमचा रिपोर्ट काढला, आणि शेवटचं पान उघडलं. एकवीस वर्षांत माझं शेवटचं पान वाचणारी ती एकमेव व्यक्ती. "इथे लिहिलंय सहा दिवस," त्या म्हणाल्या. "म्हणजे शनिवार यायच्या आधीच सुटी झाली तुझी."

नर्स सांगत होती की खोलीत कुणी हसलं नाही. उपासनींनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

पंधरा दिवसांत त्यांनी 'कुटुंबाला वेळ देण्यासाठी' राजीनामा दिला. शनिवारचा दवाखाना पुन्हा सुरू झाला. मंडळात मात्र गुन्हेगार मी ठरले. 'आपल्याच माणसाचे पाय ओढले', 'बायकांच्या पोटात काही राहत नाही', वगैरे. मी त्यांना हिरवी खूण दिली होती, हे सांगायची मला परवानगी नव्हती. आणि सांगण्यासारखंही त्यात काही नव्हतं. उपासनी आता दुसऱ्या शहरात असतात, आणि मागच्या दिवाळीला तिथल्या मंडळाने त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. फोटोत जॅकेट आहे.

ट्रस्टच्या अध्यक्षांनी रेविनला फोन करून चांगलंच झापलं. हिरवी खूण देता आणि खरी गोष्ट मागच्या पानावर लपवता? रेविन हादरली. तिने फर्मान काढलं की त्या विद्यापीठाच्या जेवढ्या फायली आजवर केल्या, तेवढ्या पुन्हा उघडायच्या. सात निघाल्या. तिसरी नारनभाईंची.

मी ती सहज चाळत होते. अर्जाला त्यांनी आपल्या हायस्कूलच्या सर्टिफिकेटची प्रत जोडलेली होती. ती आम्ही कधी बघत नाही, कारण शाळेचं कुणी विचारत नाही. त्यावर टाइप केलेलं नाव होतं: नारन डाह्या.

'मिस्टर डाह्या, कम अँड सेव्ह अस.'

मी अर्ज शेजारी ठेवून पाहिला; त्यावर आडनाव वेगळंच होतं. डाह्या हे त्यांच्या वडिलांचं नाव. जन्मनोंदणी करणाऱ्या कारकुनाने वडिलांचं नाव आडनाव म्हणून लिहून टाकलं असणार. ते शाळेत चाललं, अमेरिकेत चाललं, आणि पुढे केव्हातरी सगळ्या भावांनी एकच आडनाव लावलं असणार. अर्जात 'इतर नावे' या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं होतं. बरोबरच होतं. बापाचं नाव हे काय 'इतर' असतं?

हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर ठीक. रेविनला कळलं नसतं तर मी तिला दोष दिला नसता. पण मी? माझं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव; लग्नानंतर नवऱ्याचं नाव, नवं आडनाव; आणि इथे आल्यावर बँकेतली मुलगी तीन वर्षं मला 'मिस विनायक' म्हणत होती. विनायक माझे वडील. मी त्यावर घरी दर महिन्याला चिडत होते. आणि तो माणूस माझ्यासमोर उभा राहून, स्वतःच्या तोंडाने, मला ते नाव सांगून गेला होता. मी घड्याळ बघत होते.

त्याच दुपारी मी अमेरिकेला लिहिलं, डाह्या या नावाने बघा. दोन दिवसांत उत्तर आलं. रेविन म्हणाली, शाळेला ईमेल कर आणि फाइल बंद कर. मी शाळेला ईमेल केला. मग पत्र छापून घेतलं, एक दिवसाची रजा टाकली आणि पुकेकोहेला गेले.

पॅकिंग शेडमध्ये पट्ट्यावरून कांदे सरकत होते आणि दोन्ही बाजूंना सातआठ माणसं उभी राहून खराब कांदे बाजूला काढत होती. नारनभाई पलीकडच्या टोकाला मशीनखाली वाकून काहीतरी दुरुस्त करत होते. मला आधी गाठलं कांताबेननी, त्यांच्या पत्नीने. छोट्या चणीच्या, डोक्याला रुमाल, हातात रबरी मोजे. मी कुठून आले ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा बंद झाला.

"तुम्हीच का त्या?" त्या हिंदीत म्हणाल्या. "चाळीस वर्षांच्या संसारात यांनी ही गोष्ट गावात कुणाला सांगितली नाही. मुलांनासुद्धा नीट सांगितली नाही. शाळेला गरज होती म्हणून पहिल्यांदा तोंड उघडलं. आणि तुम्ही म्हणालात, खोटं."

"मी खोटं म्हटलं नव्हतं. नोंद सापडली नाही, असं..."

"तुमच्या ऑफिसात त्याचा अर्थ काय होतो मला माहीत नाही. पुकेकोहेत त्याचा अर्थ खोटं होतो. बियाण्यांच्या दुकानात यांना 'प्रोफेसर' म्हणून हाक मारतात. हसतात. यांनी तिकडे जाणं सोडलं. आता मी जाते."

मी पत्राचं पाकीट पर्समधून काढलं. बोलण्यासारखं जे होतं ते पाकिटात होतं. तेवढ्यात नारनभाई हात पुसत आले, मला ओळखलं आणि म्हणाले, "ओह, किओरा! कांदे संपले का?"

"चूक माझी होती," मी म्हटलं. "तुम्ही मला नाव सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." आणि पाकीट पुढे केलं. हे वाक्य मी गाडीत अनेकदा म्हणून पाहिलं होतं, तरी ते नीट आलं नाही.

त्यांनी पत्र उघडलं, उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवायला लागले. "स्वीट ॲज," म्हणाले, म्हणजे किवी भाषेत 'झकास'. "शाळेत अजून जागा आहे का?"

जागा होती. व्यायामाचे सर अजूनही पुस्तक उघडा म्हणत होते. पुढच्या टर्मपासून नारनभाई आठवड्यातून तीन सकाळी शाळेत जाऊ लागले, आणि अजून जातात. त्यांच्या हाताखालची पहिली बॅच मागच्या वर्षी बाहेर पडली. पण हे पुढचं. त्या दिवशी कांताबेननी त्यांचा हात वरच्या वर धरला, आणि पत्र काढून घेतलं.

त्या ओठ हलवत वाचत होत्या. मधेच थांबल्या. "हे काय? 'विभागाचं त्या वर्षीचं पारितोषिक'? बक्षीस मिळालं होतं तुम्हाला?"

"छोटंसं होतं."

"मला कधी सांगितलं नाही!"

"तू विचारलं नाहीस," नारनभाई म्हणाले, आणि मशीनकडे वळले. "चल, कांदे खूप पडलेत."

कांताबेन भिंतीपाशी गेल्या आणि लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. शेड एकदम गप्प झाली, माणसांनी माना वर केल्या. त्या एका क्रेटवर चढल्या, रुमाल नीट केला, आणि ते पत्र मोठ्याने वाचू लागल्या. इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून, विद्यापीठाचं नाव, पत्ता, संदर्भ क्रमांक, सगळं. गणित. मास्टर्स. पारितोषिक. खाली रजिस्ट्रारची सही आहे, हेही सांगितलं. नारनभाई मशीनच्या मागे उभे राहून खाली बघत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

वाचून झालं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. एक माणूस बटणाकडे हात न्यायला लागला.

"थांब," कांताबेन म्हणाल्या. "दाराजवळच्यांना ऐकू गेलं नसेल." आणि त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.